कोरियाची चित्रगीते

कोरिया हे नाव मराठी माणसाच्या कानांवर प्रथम ठसले ते युद्धाच्या संदर्भात. १९५३ सालच्या जुलै महिन्यात तेथील तोफा थांबल्या आणि मायदेशी परत जाण्यास तयार नसलेल्या २२,००० हून अधिक युद्धकैद्यांचे काय करावयाचे, हा पेच मागे उरला. तो सोडविण्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्यांकडे आले आणि कैद्यांची प्रत्यक्ष राखण करणाऱ्या भारतीय पथकाचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात या कोल्हापूरकडच्या सेनानीकडे. त्या पिढीच्या मनातील कोरिया म्हणजे काटेरी तारांचे कुंपण, गोठलेली माती आणि दुभंगलेला देश. आज त्याच पिढीच्या नातवंडा-पणतवंडांना कोरिया म्हटले की आठवतात ती गाणी, आणि गाण्यांपेक्षाही अधिक त्या गाण्यांची चित्रे. मणिपुरात २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि ती रिकामी जागा कोरियन मालिकांनी व गाण्यांनी भरून काढली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण जेथे अशी कोणतीच बंदी नव्हती त्या पुण्या-नागपुरातही आज तीच चित्रे पाहिली जातात. तेव्हा या चित्रांकडे एकदा नीट पाहावे, असे मला वाटले.

ज्याला सर्वत्र म्युझिक व्हिडिओ म्हणतात, त्याला मी येथे सोयीसाठी 'चित्रगीत' म्हणणार आहे. एका गाण्यासाठी रचलेले तीन-चार मिनिटांचे चित्र, एवढाच त्याचा अर्थ. रंगविलेल्या केसांची मुले-मुली, क्षणाक्षणाला बदलणारे पोशाख, कवायतीसारखे एकसाथ पडणारे पाय आणि डोळे दिपविणारा प्रकाश, असे त्याचे वर्णन करून कोणीही विचारील की यात इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे काय आहे? माझे उत्तर थोडक्यात असे आहे. जो देश पन्नास वर्षांपूर्वी आपल्या तरुणांच्या केसांची लांबी पोलिसांकरवी तपासत होता, त्या देशात केस निळे करणे ही निव्वळ हौस राहत नाही. लोकांना काय दिसू द्यावयाचे हे कोणी ठरवावयाचे, सरकारने, कंपनीने की पाहणाऱ्यांनी, हा झगडा तेथे अर्धे शतक चालला आहे आणि त्याच्या खुणा या चित्रांच्या रंगांत, नेपथ्यात आणि पोशाखांत उमटल्या आहेत.

प्रथम एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडे गाण्याचे चित्र हे चित्रपटाच्या पोटी जन्माला आले. नायक-नायिका झाडाभोवती का फिरत आहेत, ती विहिरीवर पाणी भरता भरता का थबकली, याचे उत्तर गाण्याच्या आधी आणि नंतर चालू असलेल्या कथेत असते. पुढे दूरदर्शनवर 'छायागीता'त आणि 'चित्रहारा'त आपण ती गाणी सुटी पाहिली, तरी मूळ कथेची आठवण त्यांना चिकटूनच असे. कोरियातील गाण्याला असे माहेर नव्हते. ते एकटे बाहेर पडले, आणि म्हणून आपल्यासाठी एखादे घर, एखादी जागा, एखादी कथा त्याला स्वतःच उभारावी लागली. त्या जागा कोणत्या निवडल्या गेल्या, हे पाहू लागले की इतिहास आपोआप समोर येतो.

ज्या वर्षी थोरातांचे पथक पानमुनजोमजवळ पहारा देत होते, त्याच सुमारास दक्षिणेत अमेरिकेच्या आठव्या सैन्याच्या छावण्यांमधून एक वेगळाच व्यवसाय आकार घेत होता. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात गायक-वादकांना पोट भरण्यासाठी या छावण्यांखेरीज फारसा थारा नव्हता. तेथे काम मिळविण्यासाठी परीक्षा द्यावी लागे; परीक्षक श्रेणी ठरवीत आणि श्रेणीप्रमाणे मोबदला मिळे. गाणे कसे आहे याच्या बरोबरीने गाणारा दिसतो कसा, हलतो कसा, सैनिकांना खिळवून ठेवतो की नाही, हेही त्यात पाहिले जाई. किम भगिनी म्हणून पुढे गाजलेल्या तीन मुली याच छावण्यांतून वर आल्या. दोघी ली नान-यंग या विख्यात गायिकेच्या मुली आणि तिसरी त्यांची मामेबहीण. वडील किम हे-सोंग हे नामवंत संगीतकार. युद्धात ते नाहीसे झाले ते परतलेच नाहीत. आईने मुलींना इंग्रजी गाणी अर्थ न कळता नुसत्या उच्चारांवरून पाठ करविली आणि एकामागून एक वाद्ये हाती दिली. १९५९ साली त्या अमेरिकेत लास व्हेगासला गेल्या आणि तेथील सर्वांत लोकप्रिय अशा एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात वीसहून अधिक वेळा झळकल्या. परक्या भाषेतले गाणे, बिनचूक बसविलेला नाच, एका प्रयोगात बदललेले अनेक पोशाख: आजच्या चित्रगीतांची सारी सामग्री त्या तीन मुलींच्या प्रयोगात होती. भुकेने शिकविलेली कला होती ती. आजच्या झगमगाटाला सुखवस्तूपणाचे लक्षण समजणाऱ्यांनी हे आरंभस्थान विसरू नये.

त्यानंतर सत्तरीचे दशक आले, आणि येथे मला थोडे थांबावयाचे आहे. अध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने देश कारखान्यांनी भरून टाकला. त्याच राजवटीने १९७३ साली किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात दुरुस्ती करून तरुणांचे लांब केस आणि तरुणींचे आखूड झगे हे गुन्ह्यांत जमा केले. पोलीस हातात मोजपट्टी घेऊन रस्त्यावर उभे राहात आणि झगा गुडघ्याच्या किती वर आहे हे मोजीत. लांब केसांच्या मुलांचे केस तेथल्या तेथे कापले जात. सरकारी चाकरीत निम्मे आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला या चित्रातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती मोजपट्टी. सत्तेने एकदा का नीतीला इंच-सेंटिमीटरमध्ये बसविले की तिच्या अंमलबजावणीला अंत उरत नाही, हे प्रत्येक कारकुनाला ठाऊक असते. १९७५ सालच्या मे महिन्यात आणीबाणीचा नववा हुकूम निघाला आणि त्यापाठोपाठ दोनशेहून अधिक कोरियन गाण्यांवर बंदी आली. शिन जुंग-ह्यून या प्रतिभावान गिटारवादकाला त्याच वर्षी अमली पदार्थांच्या आरोपाखाली तुरुंगात टाकण्यात आले. किम मिन-गी याने १९७१ साली प्रसिद्ध केलेले 'पहाटेचे दव' हे साधे, शांत गीतही बंदीत सापडले. त्यात राजकारणाचा शब्दही नव्हता. पण विद्यार्थी ते मोर्चात गाऊ लागले होते आणि तेवढे कारण पुरेसे होते. १९७५ साल आपल्यालाही एका निराळ्या आणीबाणीमुळे आठवते. त्यामुळे या तपशिलांकडे भारतीय वाचकाला परक्यासारखे पाहता येणार नाही.

रंगांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. सत्तरीच्या दशकात कोरियन कारखाने रंगीत दूरचित्रवाणी संच बनवून परदेशी पाठवीत होते. खुद्द कोरियात मात्र प्रक्षेपण कृष्णधवलच होते. रंगीत चित्राने चैन वाढेल, गरीब-श्रीमंतांतील अंतर डोळ्यांवर येईल, अशी सरकारची धारणा होती. पार्क यांची १९७९ साली हत्या झाली. चुन दू-ह्वान या सेनाधिकाऱ्याने सत्ता बळकाविली आणि १९८०च्या मे महिन्यात ग्वांगजू शहरातील उठाव रक्तात बुडविला. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या राजवटीने वृत्तसंस्था आणि प्रसारणसंस्था सक्तीने एकत्र केल्या. ३० नोव्हेंबर १९८० रोजी एका खाजगी दूरचित्रवाणी केंद्राने प्रेक्षकांचा निरोप घेतला आणि ते सरकारी केबीएसमध्ये विलीन झाले. दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबर रोजी, केबीएसवरून रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. एक आवाज बंद पडला आणि चोवीस तासांच्या आत पडद्यावर रंग अवतरले! आपल्याकडे रंग आला तो १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने; तेथे तो आला तो मौनाची भरपाई म्हणून. कोरियन चित्रगीतांच्या भडक रंगांबद्दल जेव्हा नाके मुरडली जातात, तेव्हा मला ही दोन तारखांची जोडी आठवते.

१९८७ साली जनतेने प्रचंड आंदोलन करून थेट निवडणुकीचा हक्क मिळविला आणि पुढच्या वर्षी सोलमध्ये ऑलिंपिक भरले. तरीही पडद्यावरचे गाणे काही वर्षे जुन्याच वळणाने चालले: गायक उभा, मागे वाद्यवृंद, पायऱ्यांवर फुले. ते वळण मोडले एप्रिल १९९२ मध्ये. सो तेजी नावाचा विशीतला तरुण दोन साथीदारांना घेऊन एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात आला, अमेरिकन रॅपच्या चालीवर कोरियन शब्द बोलत नाचला, आणि परीक्षकांनी त्याला अगदी थोडे गुण दिले. परीक्षक प्रामाणिक असावेत. त्यांच्या तराजूत तोलण्यासारखे हे वजनच नव्हते. तरुणांनी मात्र काही आठवड्यांतच निकाल फिरविला. अंगाबाहेर लोंबणारे कपडे, त्यांवर तशीच ठेवलेली दुकानाची चिठ्ठी, उलटी टोपी हा त्याचा वेष शाळाशाळांतून पसरला.

परंतु सो तेजीचे मोठेपण मला दिसते ते १९९४ सालच्या एका चित्रगीतात. गीताचे नाव 'बाल्हेचे स्वप्न पाहताना' अशा अर्थाचे आहे. बाल्हे हे सातव्या शतकाच्या अखेरीपासून दहाव्या शतकापर्यंत आजच्या उत्तर कोरियात आणि मांचुरियात नांदलेले प्राचीन राज्य. एवढ्या जुन्या राज्याचे नाव नाचगाण्याच्या गीताला देणे हेच मुळात धाडसाचे. त्याहून धाडसाची होती ती चित्रणासाठी निवडलेली जागा. सीमेलगतच्या चोरवॉन येथे एका तीनमजली इमारतीचा सांगाडा उभा आहे. युद्धापूर्वी तो भाग उत्तरेच्या ताब्यात असताना तेथे कम्युनिस्ट पक्षाचे कार्यालय होते. युद्धात छप्पर गेले, मजले कोसळले. उरल्या त्या गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती. त्या भिंतींपुढे तीन तरुण उभे राहिले आणि एकसंध देशाविषयी गाऊ लागले. ना नेपथ्य, ना रोषणाई. ज्या इमारतीकडे दोन पिढ्यांनी केवळ भीतीने किंवा द्वेषाने पाहिले होते, तिच्याकडे तरुणांना प्रथमच दुःखाने पाहता आले. एखाद्या चित्राने इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मात करावी ती अशी. त्यानंतर कोरियात शेकडो पटींनी खर्चिक चित्रगीते झाली. पण जागेची निवड हाच ज्याचा आशय आहे असे चित्रगीत पुन्हा क्वचितच झाले असेल.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, त्याची आणि पूर्वपरीक्षण मंडळाची गाठ पडली. एका गीतातील काही शब्द बदलण्याचा आदेश आला. सो तेजीने शब्द बदलले नाहीत. त्याने सगळेच शब्द काढून टाकले आणि केवळ वाद्यसंगीत प्रसिद्ध केले. ऐकणाऱ्याला त्या मोकळ्या जागेत जे ऐकू आले ते मूळ शब्दांपेक्षा मोठे होते. १९९६ साली गाण्यांचे पूर्वपरीक्षण रद्द झाले आणि तेच गीत शब्दांसह बाजारात आले.

याच सुमारास केबलवरून केवळ संगीताला वाहिलेली वाहिनी सुरू झाली आणि चित्रगीतांचा बाजार तयार झाला. १९९८ साली चो सुंग-मो या गायकाचे पहिले गीत आले तेव्हा गायकाचा चेहरा लोकांपासून मुद्दाम लपवून ठेवला होता. चित्रात दिसत होता ली ब्युंग-हन हा प्रसिद्ध नट आणि छोटेखानी चित्रपट शोभावा अशी शोकांतिका. आदल्याच वर्षी देश कर्जाच्या खाईत लोटला गेला होता, नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले होते, घरोघरी बेकारी आली होती. लोकांना रडावयाचे होते आणि या चित्रांनी त्यांना रडण्यासाठी जागा दिली. त्याच गायकाच्या २००० सालच्या एका चित्रगीतात व्हिएतनामच्या युद्धात गेलेला कोरियन सैनिक दाखविला आहे. अमेरिकेच्या बाजूने लढण्यासाठी ३ लाखांहून अधिक कोरियन सैनिक तेथे गेले होते, आणि तेथील नागरिकांवर झालेल्या अत्याचारांची चर्चा कोरियात नुकतीच उघडपणे होऊ लागली होती. त्या चर्चेच्या ऐन भरात चित्रगीताने एक हळवी प्रेमकथा पुढे केली. ती सुंदर आहे, पण त्या सौंदर्यात मला पळवाट दिसते. डोळ्यांत पाणी आले की डोळ्यांना नीट दिसत नाही, ही गोष्ट कधी कधी सोयीचीही ठरते.

त्यानंतरचा काळ कंपन्यांचा. मुलांना लहान वयात निवडावयाचे, वर्षानुवर्षे गाणे, नाच, परभाषा शिकवावयाच्या आणि मग पाच, सात, नऊ जणांचा संच बाजारात आणावयाचा, ही पद्धत नव्वदीच्या उत्तरार्धात रुळली. या पद्धतीने एक खास दृश्यशैली निर्माण केली. तिचे नमुनेदार उदाहरण म्हणजे 'गर्ल्स जनरेशन' या नऊ मुलींच्या संचाचे २००९ सालचे 'जी' हे चित्रगीत. कपड्यांचे एक दुकान, रात्री एकटाच आवराआवर करणारा नोकर आणि तो निघून गेल्यावर जिवंत होणारे पुतळे! बस्स, एवढेच कथानक. चारी बाजूंनी बंद असा रंगविलेला कक्ष, सावली पडू न देणारा प्रकाश, गडद रंगांच्या तंग विजारी आणि नऊ देहांचा एकच देह असल्यासारखी हालचाल. अशा एकसाथ नाचाला कोरियन लोक 'सुरीसारखा समूहनाच' म्हणतात, आणि शब्द चपखल आहे. छायालेखक नाचणाऱ्यांच्या बरोबर हलतो. नाचाची खूण असलेली एखादी मुद्रा नेमक्या क्षणी पडद्याच्या मध्यभागी आणतो. ती मुद्रा दुसऱ्या दिवशी शाळेतील मुले सहज करून दाखवितात. कारागिरी म्हणून हे काम अव्वल दर्जाचे आहे, यात शंका नाही.

पण दुकानातील पुतळे जिवंत होतात ही कल्पना जरा अधिक वेळ मनात घोळू दिली की ती तितकीशी गोड राहत नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका गाजलेल्या संचातील तिघा तरुणांनी आपल्या कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्यांचा करार १३ वर्षांचा होता. त्यानंतर व्यापारस्पर्धेवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाने असे करार ७ वर्षांपलीकडे असू नयेत असा नमुना घालून दिला. कागदावरचे हे एक कलम कितीतरी मुलांच्या आयुष्याला उपयोगी पडले असेल. सरकारी मोजपट्टी दर वेळी वाईटच असते असे नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. तरीही २०१७ आणि २०१९ साली अगदी तरुण वयातील नामवंत कलाकारांनी आपले आयुष्य संपविल्याच्या बातम्या आल्या आणि सावली पडू न देणाऱ्या त्या प्रकाशाबद्दल खुद्द कोरियात लोक विचार करू लागले.

त्या काळातील एका चित्रगीताचा उल्लेख टाळवत नाही. 'वंडर गर्ल्स'चे २००८ सालचे 'नोबडी'. त्यात साठीच्या दशकातील अमेरिकन रंगमंच उभा केला आहे. मुख्य गायक काही हास्यास्पद कारणाने वेळेवर रंगमंचावर पोहोचू शकत नाही आणि मागे साथ करणाऱ्या मुलींना पुढे यावे लागते. चमचमते एकसारखे झगे, उंच बांधलेले केस, तालावर वाजणाऱ्या टाळ्या. पाहणाऱ्याला अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिकांचे संच आठवावेत अशी योजना आहे. मला मात्र किम भगिनी आठवतात. २००९ साली हे गीत अमेरिकेच्या पहिल्या शंभर गाण्यांच्या यादीत पोहोचले. कोरियन संचाचा त्या यादीत हा पहिलाच प्रवेश. पन्नास वर्षांपूर्वी लास व्हेगासला गेलेल्या तीन मुलींची वाट पुन्हा सापडली होती.

२०१२ सालच्या 'गंगनम स्टाईल'विषयी इतके बोलले गेले आहे की मी आवरते घेतो. घोड्यावर स्वार झाल्याचा आविर्भाव करीत नाचणारा तो स्थूल गृहस्थ साऱ्या जगाने पाहिला. त्याच वर्षीच्या २१ डिसेंबरला ते यूट्यूबवर १०० कोटी वेळा पाहिले गेलेले पहिले चित्र ठरले. जगाला जे फारसे उमगले नाही ते असे, की गंगनम हा हान नदीच्या दक्षिणेचा भाग साठीच्या दशकापर्यंत शेतीवाडीचा होता आणि एका पिढीत तो धनिकांचा मोहल्ला बनला. त्या मोहल्ल्याच्या ऐटीचे गीत गाताना नायक असतो कोठे? लहान मुलांच्या खेळाच्या मैदानात, सहलीच्या बसमध्ये, सार्वजनिक स्नानगृहात, वाहनतळावर. उसन्या श्रीमंतीची इतकी नेमकी टवाळी एखाद्या प्रहसनकारालाही हेवा वाटावा अशी आहे. पुढच्या वर्षी त्याच गायकाच्या नव्या चित्रगीताला केबीएसने मनाई केली. कारण काय, तर त्यात तो 'येथे वाहन उभे करू नये' अशी सूचना देणारा शंकू लाथेने उडवितो, आणि ही सार्वजनिक मालमत्तेची अवहेलना आहे. ते टिपण ज्या अधिकाऱ्याने लिहिले असेल त्याच्याविषयी मला व्यवसायबंधू या नात्याने ममता वाटते. १९७३ची मोजपट्टी आता रस्त्यावरच्या एका शंकूपुरती उरली होती, याला प्रगतीच म्हटले पाहिजे.

आता मी ज्या चित्रगीतासाठी एवढा प्रवास केला त्याकडे येतो. १६ एप्रिल २०१४ रोजी सेवोल नावाची प्रवासी नौका दक्षिणेच्या समुद्रात बुडाली. ३०४ जीव गेले. त्यांतील सुमारे २५० जण सहलीला निघालेले एकाच शाळेचे विद्यार्थी होते. जागेवरून हलू नका, अशी सूचना नौकेवर वारंवार दिली गेली, मुलांनी ती पाळली, आणि कप्तान मात्र निसटला. सरकारी यंत्रणेच्या हलगर्जीपणाबद्दल देश क्षुब्ध झाला. पिवळी फीत हे त्या शोकाचे चिन्ह बनले, आणि ते मिरविणाऱ्यांकडे त्या वेळच्या राजवटीने संशयाने पाहिले. शोक व्यक्त करणाऱ्या कलावंतांची नावे सरकारी काळ्या यादीत घातली गेल्याचे पुढे चौकशीत उघड झाले.

अशा हवेत, २०१७च्या फेब्रुवारीत, बीटीएस या सात तरुणांच्या संचाचे 'वसंताचा दिवस' हे चित्रगीत प्रसिद्ध झाले. बर्फाने झाकलेले एक लहानसे रेल्वेस्थानक. समुद्राच्या काठी पडलेले बूट उचलणारा मुलगा. कपड्यांचा डोंगर, आणि त्याच्या माथ्यावर बसलेले मित्र. एका गोल फिरणाऱ्या पाळण्यावर पिवळ्या फिती. एका धर्मशाळावजा इमारतीवर 'ओमेलास' ही अक्षरे: अर्सुला ल ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या १९७३ सालच्या कथेतील नगरीचे हे नाव. त्या नगरीचे सारे सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या दुःखावर उभे असते आणि ते कळूनही बहुतेक नागरिक तेथेच राहतात. शेवटी ते बूट एका एकाकी झाडाच्या फांदीला टांगले जातात. नौकेचे नाव कोठे नाही, पाण्यात बुडणारे कोणी दाखविलेले नाही, आणि संचाने अर्थ सांगण्याचे टाळून तो पाहणाऱ्यावर सोपविला. पण त्याच महिन्याच्या थोडे आधी या संचाने व त्याच्या कंपनीने मृतांच्या कुटुंबीयांच्या संघटनेस १० कोटी वॉन दिले होते, ही गोष्ट लपून राहिली नाही. येथे कंपनीची सारी कारागिरी आहे, रंग आहेत, सुंदर चेहरे आहेत. परंतु त्यांच्या पाठीशी एक स्मृती उभी आहे, आणि त्यामुळे एक साधा बूटही पाहणाऱ्याच्या मनात घर करतो. चोरवॉनच्या भिंतींना मिळाला तसा वारस मला याच चित्रगीतात दिसला.

स्मृती नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण दुर्दैवाने आपल्याच दारी आले. २०२० सालच्या जून महिन्यात 'ब्लॅकपिंक' या चार तरुणींच्या संचाचे एक चित्रगीत प्रसिद्ध झाले. त्यात कोरियाचा पारंपरिक वेष जो हानबोक, तो नव्या बेताने शिवलेला होता. जुन्या नक्षीचा त्यासाठी अभ्यास केलेला होता, आणि तो वेष कितपत आखूड करावा यावर कोरियात वादही झाला. त्याच चित्रगीतात एका सोनेरी सिंहासनावर एक गायिका बसलेली दिसे आणि सिंहासनालगत, जमिनीवर, गणपतीची मूर्ती ठेवलेली असे. भारतातील चाहत्यांनी, ज्यांत बहुसंख्य कोवळ्या वयाची मुले-मुली होती, आक्षेप घेतला. थोड्याच दिवसांत कंपनीने ती मूर्ती चित्रातून पुसून टाकली. ज्या महाराष्ट्रात गणपती पाटावर, आरास करून, पाहुणा म्हणून बसविला जातो, तेथल्या मुलांना ते खटकावे हे स्वाभाविक होते. मला यात श्रद्धेपेक्षाही दृष्टीचा प्रश्न अधिक वाटतो. स्वतःच्या वस्त्राच्या काठावरील नक्षी ज्यांनी इतक्या काळजीने निवडली, त्यांना दुसऱ्याची मूर्ती ही नेपथ्याच्या गोदामातील एक वस्तू वाटली. आठव्या सैन्याच्या छावणीत परक्यांच्या नजरेला आवडेल असे दिसावयास शिकलेली ही कला, आता स्वतः दुसऱ्यांकडे त्याच नजरेने पाहू लागली होती. मूर्ती पुसली गेली तीही निमूटपणे. ती तेथे का आली आणि का गेली, याचा एक शब्दही चित्रात उरला नाही.

मात्र पाहणारा नेहमीच कंपनीच्या हिशेबाने पाहतो असे नाही. 'गर्ल्स जनरेशन'चे पहिले गीत २००७ सालचे. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'पुन्हा भेटलेले जग' असा होतो. चित्रगीत साधे आहे, नऊ मुलींच्या निरनिराळ्या स्वप्नांची गुंफण. २०१६ सालच्या जुलैअखेरीस सोलमधील इह्वा महिला विद्यापीठात, विद्यापीठाच्या एका निर्णयाविरुद्ध ठाण मांडून बसलेल्या विद्यार्थिनींना हटविण्यासाठी मोठ्या संख्येने पोलीस आत शिरले. मुलींनी एकमेकींचे हात घट्ट धरले आणि हे गीत म्हणावयास सुरुवात केली. त्यांच्या आयांनी आणि आज्यांनी अशा वेळी 'पहाटेचे दव' म्हटले असते.

'पहाटेचे दव'चा कर्ता किम मिन-गी २०२४च्या जुलैमध्ये वारला. त्याच वर्षी ३ डिसेंबरच्या रात्री अध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. लोकप्रतिनिधींनी सभागृहात पोहोचून काही तासांतच तो रद्द करावयास लावला. पुढचे दहा दिवस संसदेसमोर कडाक्याच्या थंडीत लोक जमत राहिले. पूर्वी अशा सभांत मेणबत्त्या असत, पण वाऱ्याने त्या विझत. या वेळी तरुण मुलींनी घरून आणल्या होत्या त्या आपापल्या आवडत्या संचांच्या प्रकाशकांड्या, कार्यक्रमात हलविण्यासाठी विकत घेतलेल्या, प्रत्येक संचाच्या निराळ्या आकाराच्या आणि निराळ्या रंगाच्या. १४ डिसेंबरच्या संध्याकाळी महाभियोगाचा ठराव २०४ मतांनी संमत झाल्याची वार्ता बाहेर आली तेव्हा ध्वनिक्षेपकावरून तेच २००७ सालचे गीत लागले, आणि तो सारा रस्ता निळ्या, गुलाबी, हिरव्या, पिवळ्या रंगांनी हलू लागला.